गारव्याचा हिशेब : अलाहाबादचे खड्डे आणि बॉस्टनची जहाजे



बाबराने हिंदुस्थान जिंकला, पण त्याला तो आवडला नाही. आत्मचरित्रात त्याने या देशातल्या उणिवांची जी यादी दिली आहे ती वाचताना नव्या गावी बदली झालेला एखादा कारकून घरी पत्र लिहितो आहे असे वाटते. इथे चांगले घोडे नाहीत, चांगले कुत्रे नाहीत, द्राक्षे आणि खरबुजे नाहीत, हमामखाने नाहीत, मेणबत्त्या नाहीत. त्याच यादीत बर्फ नाही आणि गार पाणी नाही, हेही आहे. पानिपतची लढाई २१ एप्रिल १५२६ रोजी झाली आणि मे महिन्यात तो आग्र्याला पोचला. ग्वाल्हेर-आग्र्याकडचा मे ज्यांनी काढला आहे त्यांना या तक्रारीचे नवल वाटणार नाही.

बर्फाबद्दल तो खरेच बोलत होता. गार पाण्याबद्दल मात्र त्याने आग्र्याच्या एखाद्या कुंभाराला विचारायला हवे होते. लू वाहत असताना कोऱ्या माठातले पाणी किती गार होते, हे त्या भागातल्या कोणत्याही घराला माहीत होते. बाबराला हवा होता तो काबूलचा बर्फ. इथल्या लोकांनी गारवा मिळवण्याची वेगळीच वाट शोधली होती. त्या वाटेचा, आणि पुढे तिच्या शेजारून गेलेल्या दुसऱ्या दोन वाटांचा इतिहास आज मी आपल्यापुढे मांडणार आहे.

मी इतिहासाचा विद्यार्थी. पण या इतिहासाचे मुख्य पात्र पदार्थविज्ञानातले आहे, तेव्हा त्याची ओळख आधी करून दिली पाहिजे. महाराष्ट्रातल्या शाळांत त्याला ‘अप्रकट उष्मा’ म्हणतात. आपली मुले महाराष्ट्राबाहेर शिकतात, त्यामुळे त्यांच्या वह्यांत त्याची निराळी नावे आढळतात : इंदूर-ग्वाल्हेरकडे हिंदीत ‘गुप्त ऊष्मा’, बेळगावकडे कानडीत ‘गुप्तोष्ण’. मला स्वतःला ‘गुप्त’ हा शब्द अधिक पटतो. ‘अप्रकट’ म्हणजे नुसते न दिसणारे. ‘गुप्त’ म्हटले की कोणी तरी ठेव लपवून ठेवली आहे असा वास येतो, आणि इथे अगदी तेच घडते. शून्य अंशावरच्या एक ग्रॅम बर्फाचे शून्य अंशावरचेच पाणी करायला सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते. तापमापक जागचा हलत नाही, पण उष्णता आत गेलेली असते. तेच एक ग्रॅम पाणी शून्यापासून उकळीपर्यंत न्यायला १०० कॅलरी पुरतात. आणि उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी ५४० लागतात. उकळत्या पाण्यापेक्षा वाफेचा चटका अधिक बसतो तो यामुळेच. मोदकपात्राचे झाकण काढताना हात पोळला की त्या ५४०पैकी काही कॅलरी वाफेने आपल्या बोटांना परत केलेल्या असतात.

आपल्या भाषेने या अवस्थांतरांकडे फार बारकाईने पाहिले आहे. पाणी गोठते, पण तूप थिजते. मेण वितळते, गूळ पाघळतो, मीठ विरघळते. दूध आटते, धुणे वाळते, कापूर उडून जातो. प्रत्येकाला वेगळे क्रियापद आहे आणि कोणतीही आजी त्यांची गल्लत करीत नाही. या सगळ्या क्रियापदांच्या पोटात उष्णतेची देवाणघेवाण चालू असते, हे सांगणारा शब्द मात्र आपल्याकडे शाळेच्या पुस्तकातूनच आला.

बाबराच्या नातवाने त्याची तक्रार बरीचशी दूर केली. ‘आईन-इ-अकबरी’त आबदारखान्याचे, म्हणजे बादशहाच्या पाण्याच्या व्यवस्थेचे, वेगळे प्रकरण आहे. बंदुकीच्या दारूत वापरला जाणारा सोरा पाणी गार करायला वापरावा ही युक्ती अबुल फजल बादशहाच्या नावावर जमा करतो. अबुल फजलच्या लेखी बहुतेक सगळे शोध बादशहाचेच असतात, त्यामुळे हे श्रेय आपण जरा सैलच धरू. कृती मात्र त्याने नेमकी लिहून ठेवली आहे. एक शेर पाणी चांदीच्या किंवा तशाच धातूच्या सुरईत भरून तिचे तोंड बंद करायचे. दुसऱ्या भांड्यात अडीच शेर सोरा आणि पाच शेर पाणी घालायचे. आणि त्या द्रावात ती सुरई सुमारे पाव तास फिरवत राहायची. सोरा विरघळताना उष्णता घेतो, आणि गंमत अशी की एक ग्रॅम सोऱ्याला विरघळायला लागणारी उष्णता एक ग्रॅम बर्फाला वितळायला लागणाऱ्या उष्णतेच्या जवळपास येते. ती उष्णता भोवतालच्या पाण्यातून आणि सुरईतून काढली जाते. ते पाणी पुढे उन्हात आटवले की सोरा परत हाती येतो.

त्यानंतर दरबार लाहोरला गेला आणि १५८६पासून खरा हिमच येऊ लागला. लाहोरपासून ४५ कोसांवरच्या डोंगरांतून तो नावांतून, गाड्यांवरून आणि माणसांच्या खांद्यांवरून आणत. उन्हाळ्यात सर्व थरांतले लोक तो वापरतात आणि अमीर-उमराव वर्षभर, असे अबुल फजल लिहितो. ‘सर्व थर’ म्हणताना त्याच्या नजरेसमोर कोणते थर होते, हे विचारायची आज सोय नाही.

आता मी त्या वाटेकडे येतो जिच्यासाठी हे व्याख्यान योजले. हिमालय जवळ नाही, नदी कधी गोठत नाही, हिवाळ्यातही हवेचे तापमान शून्याला पोचत नाही, अशा सपाट मैदानात बर्फ तयार करायचा. हे अलाहाबादेत होत होते. त्याचे तपशीलवार वर्णन १७७५मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रँझॅक्शन्स’मध्ये छापून आले. लेखक सर रॉबर्ट बार्कर, कंपनीच्या बंगालमधील सैन्याचा माजी सरसेनापती.

या बार्करशी आपला थोडा जुना हिशेब आहे. १७७१ साली अलाहाबादेत इंग्रजांच्या आश्रयाला राहिलेला शाह आलम बादशहा इंग्रजांचे न ऐकता निघाला, आणि १७७२च्या आरंभी महादजी शिंद्यांच्या बळावर दिल्लीच्या तख्तावर जाऊन बसला. मराठे रोहिलखंडात शिरले. घाबरलेल्या रोहिल्यांनी अयोध्येच्या शुजाउद्दौल्याशी करार केला की तुम्ही मराठ्यांना घालवा, आम्ही ४० लाख रुपये देऊ. १७७२च्या जूनमध्ये झालेल्या त्या कराराला साक्षीदार होता हाच रॉबर्ट बार्कर. त्या ४० लाखांच्या वसुलीवरून पुढे रोहिल्यांचाच नाश झाला, तो भाग आजच्या विषयाबाहेरचा. सांगायचे ते एवढेच की मराठ्यांना गंगेपार कसे रोखावे या चिंतेत असलेला हा सेनापती पहाटे उठून खड्ड्यांतला बर्फ पाहायलाही जात होता. बनारसच्या मानमंदिरातल्या वेधयंत्रांवरही त्याने लिहिले आहे. माणूस चौकस होता, हे मान्य केले पाहिजे.

बार्करने पाहिलेले असे. मोकळ्या मैदानात सुमारे ३० फूट लांब-रुंद आणि दोन फूट खोल खड्डे खणलेले. त्यांच्या तळाशी आठ इंचांपासून फूटभर जाडीचा, उसाच्या किंवा मक्याच्या वाळलेल्या ताटांचा थर. त्या थरावर एकाला एक लागून मातीची पसरट, उथळ, बिनझिलईची भांडी मांडलेली. कड पाव इंच जाडीची आणि खोली सव्वा इंचाच्या आसपास. पाणी आधी उकळून गार केलेले. डिसेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत संध्याकाळनंतर ही भांडी भरायची आणि सूर्योदयापूर्वी येऊन त्यांतला बर्फ काढून घ्यायचा. काही रात्री पाणी सगळे गोठे, काही रात्री नुसती साय धरे, काही रात्री काहीच नाही. जमवलेला बर्फ १४-१५ फूट खोल खड्ड्यात टाकायचा. त्याला आतून पेंढा आणि त्यावर जाड घोंगड्या लावलेल्या असत. बर्फ ठोकून ठोकून एकजीव करायचा, तोंड पेंढ्याने बंद करायचे आणि वर छप्पर घालायचे. तो बर्फ उन्हाळ्यात निघे. सरबते आणि साईचे पदार्थ गोठवायला त्याच्यात सोरा आणि मीठ मिसळत. आपल्या लहानपणी लग्नकार्यात लाकडी पिंपाचा आइस्क्रीमचा पॉट फिरवताना बर्फावर खडे मीठ टाकत, ती रीत अडीचशे वर्षांपूर्वी अलाहाबादेत चालू होती. मिठामुळे बर्फ शून्याखालीच वितळू लागतो, वितळायला लागणारी उष्णता तो आतल्या डब्यातून ओढतो, आणि दूध गोठते.

बार्कर स्वतः लिहितो की या देशात नैसर्गिक बर्फ त्याने कधी पाहिला नाही. मग हा कसा होतो? त्याचे उत्तर चाचपडणारे आहे. भांडी सच्छिद्र, ताटांचा थर पोकळ, खालून गार हवा खेळत असावी, असे काहीसे. खरे उत्तर यायला आणखी ३९ वर्षे लागली. लंडनचा डॉक्टर विल्यम चार्ल्स वेल्स याने १८१४मध्ये दवावर एक निबंध प्रसिद्ध केला, आणि त्यात या बर्फाचीही उकल केली. निरभ्र रात्री भांड्यातले पाणी आपली उष्णता थेट आकाशाकडे प्रारणाने टाकत असते, म्हणून ते भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते. ताटांचा थर गारवा आणत नाही. तो जमिनीची ऊब वर येऊ देत नाही. वेल्सचा युक्तिवाद मला फार आवडतो, कारण तो प्रयोगशाळेतून नव्हे, कारागिरांच्या सवयींतून काढलेला आहे. बाष्पीभवनाने बर्फ होत असता तर वाऱ्याच्या रात्री तो अधिक झाला असता; पण वारा सुटला की बर्फ होत नाही. आणि ताटे ओली ठेवली असती. पण बर्फवाले ती कोरडी राहावीत म्हणून जपतात.

बर्फवाल्यांना हे सारे माहीत होते. कोणती रात्र धरायची, किती पातळ थर भरायचा, ताटे का सुकवायची, हे त्यांच्या हाताला माहीत होते. लेखात मात्र त्यांच्यापैकी एकाचेही नाव नाही. बार्करने मुद्दाम गाळले असे मी म्हणत नाही. त्याने विचारलेच नसावे. आपल्याकडच्याही कोणी लिहून ठेवले नाही, आणि हा दोष इंग्रजांच्या माथी मारता येणार नाही. ज्या काळात आपल्या दरबारांतून हत्तींच्या नावांच्या याद्या निघतात, त्याच काळातल्या बर्फ करणाऱ्या माणसांची नावे शोधून सापडत नाहीत.

आता क्षणभर स्कॉटलंडला जाऊ. बार्करचा लेख छापून येण्याच्या १३ वर्षे आधी, २३ एप्रिल १७६२ रोजी, ग्लासगो विद्यापीठातल्या एका मंडळापुढे जोसेफ ब्लॅक या प्राध्यापकाने आपले निष्कर्ष वाचले होते. ब्लॅक १७२८ साली फ्रान्सच्या बोर्दो गावी जन्मला. वडील दारूचे व्यापारी. त्याच्या डोक्यात घोळत असलेला प्रश्न अगदी साधा होता. तोवर सर्वांचा समज असा की बर्फ वितळण्याच्या तापमानाला पोचला की जराशी उष्णता मिळताच त्याचे पाणी व्हावे. ब्लॅक म्हणाला, तसे असते तर हिवाळा संपल्यावर पहिल्या उबदार दिवशी डोंगरावरचा सारा हिम एकदम वितळून खालची गावे वाहून गेली असती. तसे होत नाही. ऊन पडते, आठवडे जातात, आणि बर्फ रेंगाळतो.

मग त्याने दोन सारखे काचेचे गोल घेतले. दोन्हींत पाच-पाच औंस पाणी. एकातले गोठवले, दुसऱ्यातले ३३ अंश फॅरनहाइटपर्यंत गार केले, म्हणजे गोठण्यापासून एकच अंश वर. दोन्ही गोल एका मोठ्या रिकाम्या दालनात टांगून ठेवले. तिथली हवा ४७ अंशांची. पाण्याचा गोल अर्ध्या तासात ४० अंशांवर आला. बर्फाच्या गोलाला वितळून त्याच ४० अंशांवर यायला साडेदहा तास लागले. साडेदहा तास म्हणजे २१ अर्धे तास. दर अर्ध्या तासाला ७ अंशांची उष्णता आत येत असेल तर २१ गुणिले ७, म्हणजे १४७ अंशांची उष्णता आत गेली. तापमापकाने त्यांपैकी फक्त ८ दाखवले. उरलेले १३९ कुठे गेले? ते बर्फाचे पाणी करण्यात लपले. आजचा आकडा १४४च्या आसपास आहे. दोन गोल, एक तापमापक आणि एक घड्याळ यांवर काढलेल्या उत्तरात चार-पाच अंशांची चूक म्हणजे फार झाले असे कोणी म्हणू नये.

ब्लॅकने हे संशोधन स्वतः छापले नाही. तो वर्गात शिकवत राहिला आणि १७९९मध्ये वारला. व्याख्याने त्याच्या मित्राने १८०३मध्ये प्रसिद्ध केली. पण त्याच विद्यापीठात यंत्रे दुरुस्त करणारा एक तरुण होता, जेम्स वॉट. वाफेच्या इंजिनाची एक छोटी प्रतिकृती दुरुस्त करताना त्याला आढळले की थोडीशी वाफ आपल्या वजनाच्या सहापट गार पाण्याला उकळीपर्यंत नेते. चकित होऊन तो ब्लॅककडे गेला आणि ब्लॅकने त्याला गुप्त उष्णता समजावून सांगितली. वॉटच्या इंजिनातून पुढे कारखाने आणि आगगाड्या आल्या. आपल्या संस्थानांतून त्या कशा आल्या हे स्वतंत्र व्याख्यानाचे काम आहे. एवढे सांगून पुढे जातो की इंदूरची गाडी तुकोजीराव होळकरांनी दिलेल्या एक कोटीच्या कर्जातून आली, आणि गायकवाडांच्या डभोईला १८६२मध्ये रूळ पडले तेव्हा त्यांवरून डबे ओढायला वाफेऐवजी बैल जुंपले होते.

मला ज्याचे कुतूहल वाटते ती गोष्ट निराळीच. ब्लॅकला उत्तर माहीत होते, अलाहाबादच्या बर्फवाल्यांना कृती माहीत होती, आणि त्या दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. भांड्यातले पाणी शून्य अंशावर आले म्हणजे काम झाले नाही. तिथून पुढे प्रत्येक ग्रॅममागे ८० कॅलरी आकाशात टाकायच्या आहेत, आणि त्यासाठी रात्रीचे मोजकेच तास हाती आहेत. म्हणूनच भांडे उथळ हवे आणि पाण्याचा थर पातळ हवा. तो का पातळ हवा याचा हिशेब ब्लॅकच्या वहीत होता आणि तो किती पातळ हवा हे कुंभाराच्या बोटांत.

तिसरी वाट समुद्रावरून आली. बॉस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर याने १८०६मध्ये तळ्यातला बर्फ कापून वेस्ट इंडीजमधल्या मार्टिनिक बेटावर नेला. गाव हसले, तो कर्जात बुडाला, तुरुंगातही जाऊन आला, पण धंदा सोडला नाही. घोड्याने ओढायचा बर्फ कापायचा नांगर त्याच्या सहकाऱ्याने काढला. लाकडाच्या वखारींत फुकट पडलेला भुसा बर्फाभोवती भरायची युक्ती सापडली. १२ मे १८३३ रोजी ‘टस्कनी’ नावाचे जहाज १८० टन बर्फ घेऊन बॉस्टनहून निघाले. विषुववृत्त दोनदा ओलांडून, केप ऑफ गुड होपला वळसा घालून, सप्टेंबरात ते कलकत्त्याला लागले. तोवर सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता.

हा आकडा ब्लॅकच्या डोळ्यांनी पाहा. चार महिन्यांत ८० टन वितळला, म्हणजे सुमारे ६४ लाख किलोकॅलरी उष्णता त्या जहाजाने आत घेतली आणि तरी उरलेला बर्फ शून्य अंशावरच राहिला. गुप्त उष्णता नसती तर हे जहाज बॉस्टनच्या बंदरातून बाहेर पडेपर्यंत पाण्याने भरले असते. ट्यूडरचा सारा नफा म्हणजे त्या ग्रॅममागच्या ८० कॅलरींचा नफा.

कलकत्त्यात उत्सव झाला. सरकारने जकात माफ केली. गव्हर्नर जनरल बेंटिंकने हा बर्फ आणणाऱ्या रॉजर्स या भागीदाराला चांदीचा पेला भेट दिला. वर्गणी काढून बर्फघर बांधले. मद्रासेत बांधलेले बर्फघर आजही समुद्रकिनारी उभे आहे; १८९७मध्ये परदेशातून परतलेले स्वामी विवेकानंद तिथे राहिले होते, आणि आता त्या इमारतीला त्यांचेच नाव आहे. मुंबईत हा बर्फ १८३४पासून आला. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या घरच्या मेजवानीत प्रथम आइस्क्रीम दिले गेले, यजमान आणि पाहुणे दोघांनाही पडसे झाले आणि विलायती चीज खाल्ल्याचे हे फळ असे एका वर्तमानपत्राने लिहिले, ही गोष्ट मुंबईच्या इतिहासांतून चवीने सांगितली जाते. थोरोच्या ‘वॉल्डन’मध्येही या धंद्याचे वर्णन आहे : १८४६-४७च्या हिवाळ्यात त्याच्या झोपडीसमोरचे तळे मजूर कापत होते, आणि भगवद्गीता वाचणारा तो गृहस्थ आपल्या तळ्याचे पाणी मद्रास, मुंबई, कलकत्त्याचे लोक पिणार म्हणून मौज करीत होता.

मजूर दोन्हीकडे होतेच. पण हुगळीकाठी ज्यांचे बर्फाचे खड्डे होते त्यांचा बर्फ आता कोण घेणार? तो चिखलमिश्रित, भुसभुशीत, बॉस्टनचा काचेसारखा. कलकत्त्यापुरता तो धंदा काही वर्षांत बसला. आतल्या मुलखात, जिथे जहाज पोचत नव्हते, तिथे खड्डे आणखी काही काळ चालू राहिले. आणि मग ट्यूडरच्या वारसांचाही बाजार उठला, कारण बर्फाचे कारखाने आले.

कारखान्यात काय होते? अमोनियासारखा सहज उकळणारा द्रव नळ्यांत उकळवायचा. उकळताना तो भोवतालच्या पाण्यातून उष्णता ओढतो आणि ते पाणी गोठते. मग त्या वायूवर दाब देऊन त्याचा पुन्हा द्रव करायचा आणि लपलेली उष्णता बाहेर टाकायची. या कल्पनेचे बीज ब्लॅकचा गुरू विल्यम कलन याने १७५०च्या दशकातच पेरले होते : निर्वातात ईथर उकळवून त्याने भोवतीचे पाणी गोठवून दाखवले होते. आज आपल्या स्वयंपाकघरातला फ्रीज हेच करतो. फ्रीजच्या मागे हात लावला तर जी ऊब लागते ती आतल्या दुधाची आणि भाजीचीच असते, शिवाय वीजबिलाची थोडी.

म्हणजे फिरून आपण माठापाशीच आलो. माठाच्या अंगातून झिरपलेले पाणी वाऱ्याने उडते आणि उडताना ग्रॅममागे सुमारे ५८० कॅलरी घेऊन जाते. वाटीभर, म्हणजे १०० ग्रॅम पाणी उडाले तर ५८,००० कॅलरी. १० लिटरच्या माठातले पाणी तेवढ्याने जवळजवळ ६ अंशांनी उतरावे. बाहेरची ऊब आत येत असते, म्हणून प्रत्यक्षात हिशेब इतका सरळ सुटत नाही. पण वाटीभर पाण्याची करामत ध्यानात यावी. वाळ्याच्या पडद्यांचे तत्त्व तेच. वाळ्याचा थंडावा आपल्याकडे फार जुना. ‘शाकुंतला’च्या तिसऱ्या अंकात तापलेल्या शकुंतलेसाठी वाळ्याचा लेप नेत आहेत. उत्तरेकडच्या हवेल्यांतून दारांना वाळ्याच्या ताट्या लावत आणि त्यांवर दिवसभर पाणी मारत. आपल्यापैकी पुष्कळांच्या पणजोबांच्या वाड्यांत त्या होत्या आणि त्यांच्या सुगंधाच्या आठवणी घरोघर सांगितल्या जातात. त्या आठवणींत ताटीच्या पलीकडे, लू अंगावर घेत, पखालीतून पाणी मारणारा भिस्ती सहसा नसतो. आत जो गारवा येई त्याच्या मोबदल्यातली उष्णता बाहेर राही, आणि तिथेच तो उभा असे.

माठ आणि ताटी ही कोरड्या मुलखाची साधने आहेत, हे आपल्या विखुरलेल्या समाजाला सांगायला नको. ग्वाल्हेरची मुलगी पणजीत दिली की पहिल्या मेमध्येच तिला कळते की इथे माठ तसा बोलत नाही. याचा आकडा सांगता येतो. तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून वारा दिला की तो जिथवर उतरतो, तिथवरच बाष्पीभवनाने गारवा मिळू शकतो. ग्वाल्हेरला ४२ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर हा ओला तापमापक २२च्या आसपास येतो. पणजीत ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर तो २९वरच अडतो. म्हणजे जिथे हवा आठ अंशांनी थंड, तिथे माठ सात अंशांनी गरम.

आणि माणसाचे शरीर हाही एक माठच आहे. स्वस्थ बसलेला माणूस तासाला सुमारे ८५ किलोकॅलरी उष्णता बाहेर टाकतो. ओझी वाहणारा त्याच्या कितीतरी पट. बाहेरची हवा अंगापेक्षा तापली की ती टाकायला घामाखेरीज दुसरा मार्ग उरत नाही, आणि नुसता घाम येऊन उपयोग नाही, तो वाळला पाहिजे. ओल्या फडक्याचा तापमापकच ३५वर गेला तर सावलीत, वाऱ्यात, पाणी पीत बसलेला धडधाकट माणूसही काही तासांपलीकडे तग धरू शकत नाही, असा हिशेब शास्त्रज्ञ मांडतात. प्रत्यक्ष प्रयोगांत तरुण, निरोगी माणसांचीही मर्यादा त्याच्या बऱ्याच खाली आढळली आहे. माळव्याचा उन्हाळा आपल्या पूर्वजांना सोसवला तो कोरडा होता म्हणून, आणि माळव्याच्या रात्री गार होत्या म्हणून. अलाहाबादेत बर्फ देणारे तेच निरभ्र आकाश माळव्यातही दिवसाची उष्णता रात्री परत घेत असे. हवेतली वाफ वाढली की ते आकाशही तितकेसे घेत नाही.

आपल्याकडे आषाढ लागला की कुलर बंद करून माळ्यावर टाकतात, कारण पहिल्या पावसानंतर तो नुसता ओलावा फेकतो हे सर्वांना ठाऊक असते. त्याच सुमारास समोरच्या इमारतीच्या स्लॅबचे काम चालू असते, आणि तिथली माणसे दर अर्ध्या तासाने हंड्यापाशी येऊन पाणी पितात, डोक्यावर ओततात, आणि पुन्हा शिडीवर चढतात.